भिंगातलं धुकं

सुमती, माझी बायको, शेवटच्या आजारात होती तेव्हा एका दुपारी सगळं सांगून टाकावं असं मनात आलं होतं. तोंड उघडलंही. मग तिला पाणी हवंय का, एवढंच विचारलं. तेव्हा घशात राहिलं ते आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही तिला ओळखत नव्हता, मलाही ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

मी चिंचणीत दवाखाना काढला तेव्हा साठचं दशक अर्धं सरलं होतं. मी मूळचा कराडकडचा. घिवलीच्या बाजूला वीजकेंद्राचं काम सुरू होतं, बोईसर स्टेशनावर रोज नवी माणसं उतरत होती, आणि तिकडे डॉक्टर कमी आहेत असं कोणीतरी सांगितलं होतं. त्या दिवसांतलं मला आधी काय आठवतं, सांगू? उजेड. समुद्रावरून येणारा, दुधात कालवल्यासारखा उजेड. माडांच्या रांगा, वाळत घातलेले बोंबील, रस्त्यावरून जाणारी माणसं, सगळं त्यात थोडं तरंगत असायचं. मीही तरंगतच होतो बहुधा.

स्वतःचा दवाखाना थाटायला काय लागतं, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. जागेची पागडी, बाकडं, रेक्झिनचं टेबल, काचेच्या सिरिंजा, त्या उकळायचं भांडं, दारावरची पाटी. आणि एवढं मांडूनही लोक येतात थोडेच? गावात आधीचे एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. माझ्या हाताला काय होतं? म्हणून मी दुर्बीण घेतली. खरं तर मायक्रोस्कोप, पण गावात सगळे दुर्बीणच म्हणत, मग मीही तेच म्हणू लागलो. जुनी, पितळी, मुंबईहून आणलेली. तिच्यात सुमतीच्या पाटल्या गेल्या. तिने त्या स्वतः काढून दिल्या, हसत. मनगटांवरचे फिकट पट्टे मात्र बरेच दिवस दिसत राहिले.

दुर्बीण कोरड्या जागी, पेटीत बंद ठेवायची असते. मला हे माहीत होतं. मी ती खिडकीत ठेवली — रस्त्यावरून दिसावी म्हणून. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. नव्या डॉक्टरला माणसाच्या आतलं दिसतं, असं बोललं जाऊ लागलं. बाकडं भरू लागलं. ते मला आवडायचं, फार आवडायचं.

खाऱ्या, दमट हवेने एका पावसाळ्यात दुर्बिणीचा डोळा घालवला. भिंगांच्या आत बुरशी धरली. डोळा लावला की निळसर धुकं दिसायचं, आणि धुक्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे दोरे. बाकी काही नाही. दुरुस्तीला मुंबईला पाठवायची तर खिडकी रिकामी दिसणार. खर्च कुठून करणार, आणि सुमतीला काय सांगणार? थोडे दिवस जाऊ देत, असं मनाशी म्हणालो. आणि तोवर मी धुक्यातच बघत राहिलो. मलेरिया आहे, मलेरिया नाही. ताप बघून, जीभ बघून मला अंदाज यायचाच — मग डोळा लावला तर काय बिघडलं? असं मी स्वतःला विचारत असे, आणि उत्तराची वाट बघत नसे.

अशात एका सकाळी घिवलीचा धर्मा तांडेल आला. मोठा माणूस, स्वतःची होडी असलेला. त्याच्या मुलीचं, जाईचं लग्न चिंचणीतल्या काशिनाथशी ठरत होतं. तेव्हा किनाऱ्यावर एक नवीच रीत पडली होती, माझ्यामुळेच पडली होती. पोरगा जरा खोकताना दिसला की मुलीचा बाप नारळ फोडायच्या आधी त्याला दुर्बिणीला दाखवून घ्यायचा. होडीवर जाळं ओढणाऱ्याची छाती धड हवी. काशिनाथ खोकत होता.

"तुमी एकदा बघा नि सांगा," धर्मा म्हणाला. "मंग नारल फोडतो."

सोबत काशिनाथ होता, आणि जाईची आत्या, भिकीबाय. मी काशिनाथच्या थुंकीची काचपट्टी रंगवून दुर्बिणीखाली सरकवली, डोळा लावला, तशी ती मागून म्हणाली, "काय दिसतं वो डाक्टर? पोरगा हाय का पोरगी?"

"गप गो भिके!" धर्मा म्हणाला, पण तोही हसला. इस्त्रीचा सदरा घालून बसलेला काशिनाथ लाजून लाल झाला. बाकड्यावरचे सगळे हसत होते. आणि मी धुक्यात बघत होतो.

इथे मला थांबावंसं वाटतं. पण मग लिहायला बसलो कशाला?

त्याआधी मी काशिनाथच्या छातीला नळी लावली होती. डाव्या बाजूला, वर, मला आवाज ऐकू आला होता. संध्याकाळी अंग तापतं, असं तो स्वतःच म्हणाला होता. मला शंका होती. नाही, नीट सांगतो — शंकेपेक्षा जास्त होतं. पालघरला नेऊन छातीचा फोटो काढा, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडात आलंही होतं. पण मग ही दुर्बीण कशाला, असं कोणीतरी विचारलं असतं. भिकीबायनेच विचारलं असतं, हसत हसत.

मी मान वर केली आणि म्हणालो, "स्वच्छ आहे."

लग्न झालं. मला मानाने बोलावलं होतं. जाईला मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. हळदीने पिवळी झालेली, बारीक अंगाची. तिने वाकून नमस्कार केला आणि मी आशीर्वाद दिला.

पुढच्या थंडीत चार पैसे जमले तेव्हा भिंगं दुरुस्त करून आणली. आणि — हे मी रचून सांगत नाही — त्या स्वच्छ भिंगाखाली मी पाहिलेली पहिली काचपट्टी जाईची होती. सासूने तिला आणलं होतं, खोकते म्हणून. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या. किती स्पष्ट दिसत होत्या! सुंदर म्हणावं इतक्या स्पष्ट. काही क्षण मी त्या नुसता बघत राहिलो, झोपेत असल्यासारखा.

क्षय आहे, असं मी सांगितलं. यावेळी खरं सांगितलं. औषधं आहेत, पालघरला न्या, घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या, असंही म्हणालो. काशिनाथला परत आणा, असं मात्र त्याचं नाव घेऊन म्हटलं नाही. तो होडीवर होता, त्याचा खोकला तेव्हा उतरला होता.

सासू माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आमचा पोरगा दुर्बिनीत पास झालेला हाय. पोरीला कुनी दाखवली होती?"

जाई माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, मी काहीतरी बोलेन अशी तिला आशा होती. आणि मी काचपट्टी पुसत होतो.

पालघरला तिला कोणी नेलं नाही. माहेरी आणून सोडली. रोग घेऊन आली, लपवून दिली, असं किनाऱ्यावर सगळीकडे झालं. धर्माच्या घरचं पाणी लोक टाळू लागले. तो माझ्याकडे आला तेव्हा दुपार होती, दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं. उभ्यानेच म्हणाला, "डाक्टर, तवा पोरगा चांगला होता ना? तुमी बघितलं होतं ना?"

मी मान हलवली.

"मंग आमच्याच घरातनं गेलं," तो म्हणाला. स्वतःशीच म्हणाल्यासारखा. "आमाला कललंच नाय."

जाता जाता त्याने पिशवीतून पापलेटं काढून टेबलावर ठेवली. मुलीचं खरं सांगितलंत, म्हणून. ती मी घेतली. सुमतीने रांधली, मी जेवलो.

मी घिवलीला जाऊन जाईला इंजेक्शनं देऊ लागलो, पण उशीर झाला होता. पावसाळा सरून होड्या पुन्हा पाण्यात उतरायच्या आधी ती गेली. नंतर काशिनाथच्या थुंकीतून रक्त पडलं. त्याला लगेच पालघरला नेलं, तो बरा झाला, पुढे त्याचं दुसरं लग्नही झालं. बायकोकडून लागलं, असंच सगळे म्हणत. मी ते ऐकत असे. माझा दवाखाना पुढे चांगला चालला, मोठ्या जागेत गेला. दुर्बीण मी पेटीत ठेवू लागलो.

धर्मा गेला. भिकीबाय गेली. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यातलं आता कोणी नाही, हे मला कळतं. ते सगळे जाईपर्यंत मी थांबलो, हेही कळतं.

जाईने सासरी काहीही नेलं नव्हतं. तिला ते तिथे मिळालं. आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.