बटईची बकरी

हा किस्सा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगते, लग्नकार्यात सांगते, आणि बसमध्ये शेजारी कोणी ऐकणारी भेटली तर तिलाही सांगते. सांगताना माझी मान जरा वर होते, तेवढं समजून घ्या. आम्हा मायलेकींच्या वाट्याला असे चारचौघांदेखत विजय फार आले नाहीत.

वडील गेल्यावर आई धाडजवळच्या आमच्या खेड्यात एकटीच राहायची. मी नोकरीपायी बुलढाण्यात. शहराच्या कडेला शेतात प्लॉट पाडून नवा लेआउट झाला होता, त्यात मी दोन खोल्यांचं घर बांधलं. फोनवर मी दर वेळी म्हणायची, "आता चल माझ्याकडे." ती म्हणायची, "पाहू." मग एका सकाळी ती न्हाणीत घसरून पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. शेजारच्या मावशीला शंका आली, तिने दार ढकललं, तेव्हा कळलं.  पुढच्या सुट्टीला मी विचारत बसले नाही, जीपच घेऊन गेले.

आई निमूट जीपपाशी आली. तिच्या एका हातात गाठोडं होतं, दुसऱ्या हातात दावं, आणि दाव्याला बकरी.

"हिला कुठं नेतेस?" मी विचारलं.

"हे येईन त मी येईन," आई म्हणाली. "तुह्या घरी मले काम काय? दिवसभर भिंतीकडे पाहू?"

ड्रायव्हर हसला. मी नाही हसले, कारण आईचा तो आवाज मला ठाऊक आहे. बकरी मागच्या सीटवर बसली, आई तिच्याशेजारी, आणि आम्ही तिघी बुलढाण्यात आलो.

ही बकरी पूर्णपणे आईची नव्हती, हे आधीच सांगायला हवं. ती होती मावशीची. मावशी म्हणजे सख्खी नव्हे, भिंतीला भिंत लागून राहणारी, आईची जन्माची मैत्रीण. तिने बकरी आईला बटईनं दिली होती. आमच्याकडे ही रीत घरोघरी आहे. बकरी एकीची, राखण दुसरीची. बकरी व्याली की पिल्लं अर्धी अर्धी. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. दोन बायांचा शब्द, बस. गावात अशा बकऱ्या या अंगणातून त्या अंगणात जात असतात आणि कोणाची कुठे बांधली आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

लेआउटमध्ये मात्र हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिथे बहुतेक नोकरदार. मास्तर, तहसीलमधले बाबू, कोपऱ्यावर एक पूजा सांगणारे गुरुजी. आणि लेआउटच्या समितीचे सचिव, जे कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त झाले होते आणि अजूनही "सदर" या शब्दाशिवाय वाक्य सुरू करत नसत. आठवड्याभरातच ते आमच्या फाटकाशी उभे राहिले.

"मॅडम, सदर लेआउटचा नियम आहे. बकरी, मेंढी, कोंबडी आणि तत्सम जनावर पाळता येत नाही."

गुरुजींच्या अंगणात गाय होती. ती तत्सममध्ये बसत नव्हती. खुद्द सचिवांच्या व्हरांड्यात पिंजऱ्यात पोपट होता, तोही बसत नव्हता. आम्ही बौद्ध. कोणत्या घरातली जनावरं नियमात आली आणि कोणत्या घरातली बाहेर राहिली, हे समजायला मला वकील लागला नाही. डोक्यात तिडीक गेली. गुरुजी बिचारे स्वतः म्हणाले, "राहू द्या हो, मुकं जनावर आहे," पण त्यांचं कोण ऐकतं.

मी रोज शाळेतून आले की कायदे शोधत बसायची. कोंडवाड्याच्या जुन्या कायद्यात बकरीचं नाव हत्ती आणि उंटाच्या पंगतीत आहे, हे मला तेव्हाच कळलं. म्हणजे इंग्रजाच्या काळी कोणाचा हत्ती तुमच्या पिकात शिरला तर तोही कोंडवाड्यात घालता येत होता, कसा ते विचारू नका. आणि दुसरी गोष्ट अशी कळली की मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. आपल्या देशात बकरी पाळणं गुन्हा नाही, पण रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. चांगला वन्यजीवांच्या कायद्यातला गुन्हा.

मी आईला म्हटलं, "उद्या वनखात्यात जाते. सचिवांच्या घरी धाडच पडू दे."

आई बकरीला घालायला तुरीचं कुटार, तो शेंगा-पानांचा भुसा, निवडत होती. "त्याच्या पोपटानं तुहं काय घोडं मारलं?" ती म्हणाली. "म्हातारा झाला तो पोपट. रानात सोडला त एका दिवसात मांजर खाईन त्याले. उगी राह्य."

मी उगी राहिले. पण आई त्याच दमात पुढे बोलली, "बकरीले जा म्हणतीन त मी बी जाईन. तुले उगा तरास नाही." हे ती रागाने बोलली नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. ती न्हाणी, ते बंद दार, दुपारपर्यंत कोणी न येणं, सगळं डोळ्यांपुढे आलं. 

सचिवांनी नोटीस काढायची ठरवली, पण नोटीस काढायची तर मालकाच्या नावाने काढावी लागते. आईने सरळ सांगितलं, बकरी माही नाही. मग मालकीण कोण? धाडकडची मावशी. मग तिला बोलवा. रविवारी गुरुजींच्या अंगणात मीटिंग ठरली, आणि मावशी सकाळच्या एसटीने आली. डोक्यावर पदर, हातात आईसाठी ज्वारीच्या पिठाची पिशवी. समोर खुर्च्यांवर सगळे बसलेले पाहून ती जराही बिचकली नाही.

"बकरी तुमची?" सचिवांनी विचारलं.

"हाव, माही."

"मग घेऊन जा."

"नेली असती साहेब. पर ते गाभण हाये. बकरी माही असली तरी पोट अर्धं हिचं हाये. हिचा वाटा पोटात असताना मी कशी नेऊ?"

"म्हणजे मालक नेमकं कोण?"

"दोघी."

"एक नाव सांगा ना बाई."

"एक नाही सांगता येत," मावशी म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

सचिवांनी आयुष्यभर कोर्टात वाटणीचे दावे पाहिले होते. भावाभावांचे, शेताचे, विहिरीचे, एका आंब्याच्या झाडाचेसुद्धा. पोटातल्या पिल्लाच्या वाटणीचा दावा त्यांच्यासमोर पहिल्यांदा आला असावा. खरं सांगते, त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "वाटणी कधी होते?"

"व्याल्यावर. दोन पिल्लं झाले की एक हिचं, एक माहं. मंग नेतो मी बकरी."

"हिच्या वाट्याचं पिल्लूही न्यायचं."

"हाव, तेही वाढवू आम्ही गावाले."

झालं. सचिवांनी ठराव सांगितला आणि स्वतःच लिहून घेतला. सदर बकरी व्यायल्यानंतर तिच्या पिल्लांची समसमान वाटणी पूर्ण होईपर्यंत लेआउटमध्ये राहील, त्यानंतर ती हलवण्यात येईल. "समसमान" हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, चव घेतल्यासारखा. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, दुसरं काय करणार. म्हणजे आईची रवानगी फक्त पुढे ढकलली गेली होती.

संध्याकाळी मावशीला स्टँडवर सोडून घरी आले, आणि भाकरी थापत असलेल्या आईला सहज विचारलं, "आणि एकच पिल्लू झालं तर? नाहीतर तीन?"

"मंग वाटणी होत नाही," आई म्हणाली. "एक उरते न. उरलेलं सामाईक राह्यते, आन बकरी जिथं हाये तिथंच राह्यते, पुढच्या वेतापर्यंत."

"हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलं?"

"कोणी इचारलंच नाही."

मावशीने ते मुद्दाम गिळलं होतं की खरंच कोणी विचारलं नाही म्हणून राहिलं, हे मला अजून उमगलेलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी सचिवांच्या फाटकापाशी थांबले आणि रीत सविस्तर सांगितली. हळू, गोड आवाजात, एकेक शब्द सुटा करून. ते ऐकत राहिले. एखादा दुसरा असता तर म्हणाला असता, छे, ठराव बदलू. पण ते म्हणाले, "ठराव म्हणजे ठराव, मॅडम. समसमान मीच लिहिलंय." आणि त्या दिवसापासून त्या माणसाबद्दल माझ्या मनात थोडा आदर बसला, नको असताना.

मग लेआउटला दुसरं कामच उरलं नाही. लोक फिरायला निघाले की आमच्या कुंपणाशी थांबायचे आणि बकरीच्या पोटाकडे पाहायचे. तहसीलमधले एक जण म्हणायचे एकच आहे, मास्तरीणबाई म्हणायच्या दोन. गुरुजींना मुहूर्त विचारणारेही निघाले. सचिव मात्र निश्चिंत होते, कारण आईने खरं ते सांगून टाकलं होतं. याआधीच्या दोन्ही वेळी, बकरी मावशीकडे असताना, तिला दोन-दोनच झाली होती. मी आईवर चिडले, कशाला सांगायचं? ती म्हणाली, "इचारलं त सांगा लागते."

बकरी व्याली ती सुट्टीच्या दिवशी, उन्हं अंगणात आल्यावर. आईने पोतं अंथरलं होतं. कुंपणाबाहेर गर्दी जमली, आणि आईने सचिवांना मानाने आत बोलावलं, कारण ठराव त्यांचा होता. पहिलं पिल्लू आलं, तांबूस. थोड्या वेळाने दुसरं आलं, काळं, कानावर पांढरा ठिपका. दोन्ही धडधाकट, लगेच उठायची धडपड करणारी. बकरी त्यांना चाटायला लागली.

"सुखरूप झालं आजी," सचिव म्हणाले. त्यांच्या आवाजात फुशारकी नव्हती, पण मला रडू फुटेल असं वाटलं. मी घरात जायला वळले. आईचं गाठोडं कोणत्या कपाटात ठेवलं आहे हेच मनात घोळत होतं.

"थांब," आई म्हणाली. तिने बकरीच्या पोटाखाली हात घालून ते हलकेच वर उचललं. "हाये अजून."

कुंपणावर सगळ्यांच्या माना वाकल्या. तिसरं आलं ते मुठीएवढं, ओलं, मान टाकलेलं. हलेना. आईने त्याच्या तोंडातलं पाणी बोटाने काढलं, मागचे पाय धरून त्याला उलटं झुलवलं, पोत्यावर घासलं. पोतं एव्हाना चिंब झालं होतं. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "गेलं ते."

सचिव वाकले आणि हळूच म्हणाले, "आजी, मेलेलं मोजतात का?"

आईने वरसुद्धा पाहिलं नाही. "नाही मोजत."

ती "मोजते" म्हणाली असती तर तिथे कोण खोटं पाडणार होतं? मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.  सचिवांनी खांद्यावरचा धुवट टॉवेल काढला आणि कडक इस्त्रीच्या पायजम्यानिशी पोत्यावरच्या चिखलात गुडघे टेकले. "हे घ्या, कोरडं हाय," ते म्हणाले. कोर्टाची भाषा कुठल्या कुठे पळाली होती. "द्या, मी धरतो. तुम्ही घासा."

त्यांनी धरलं, आईने घासलं. बकरीने मान लांब करून त्याच्या तोंडावरून जीभ फिरवली. आणि पिल्लू शिंकलं. पुन्हा शिंकलं. मग त्याने एवढ्याशा छातीतून जी काही आरोळी ठोकली ती कुंपणाबाहेर सगळ्यांनी ऐकली. मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, गुरुजी हात जोडून हसत उभे राहिले, आणि मी, सरकारी शाळेतली मोठी बाई, भर अंगणात उड्या मारत होते. मावशीला फोन लावला. "किती?" तिने विचारलं. "तीन," मी ओरडले. पलीकडे ती इतकी हसली की फोन कानापासून दूर धरावा लागला.

सचिव उठले, गुडघ्यांचा चिखल झटकला, चष्मा नीट केला. पिल्लू अजून त्यांच्या टॉवेलात होतं.

"सदर पिल्लं तीन असल्याने समसमान वाटणी झालेली नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ठरावाप्रमाणे बकरी राहील."

आईने ओले हात पदराला पुसले आणि पिल्लू त्यांच्याकडून घेऊन बकरीच्या सडाशी लावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग मी बी राह्यली," ती म्हणाली. "जाय, चहा ठेव सगळ्याईले."