बाबिलोनला गेलेलं पत्र

हे आजारी पडले तेव्हा एटोबिकोच्या आमच्या कॉन्डोतल्या शेजारीणबाईंनी एक कार्ड आणून दिलं. बाई चर्चला जाणाऱ्या, मनाने फार चांगल्या. कार्डावर उगवता सूर्य आणि खाली बायबलमधली एक ओळ. देव म्हणतो, तुमच्याबद्दलचे माझे बेत मला ठाऊक आहेत. ते भल्याचे आहेत, वाईटाचे नाहीत.

ओळ आमच्या यिर्मयाची. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. आमच्याच संदेष्ट्याचा निरोप शेजारच्या चर्चमधून फिरून आमच्या दारात आला, याचं मला भलतंच कौतुक वाटलं. सगळ्या जगाला लागू पडतो, मग आम्हाला आधी पडणार, अशी माझी अक्कल.

कार्ड मी हॉस्पिटलात ह्यांच्या उशाशी लावलं. ह्यांनी चष्मा चढवून वाचलं.

"अगं, हे पत्रातलं आहे. पत्र कुणाला लिहिलंय ते तरी बघ."

"तुम्ही गप पडा. आजारपणातसुद्धा चुका काढायच्या!"

मग चष्मा काढून म्हणाले, "पोरीला बोलावून घे."

पोरगी एडमंटनला, विमानाने चार तासांवर. नवी नोकरी, रजेची मारामार. मी त्याच दिवशी एलियाहू हनाबी ह्या आमच्या संदेष्ट्याला मलिद्याचा नवस बोलले होते. हे घरी आले की गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडायची, चार घरं बोलवायची आणि प्रार्थना म्हणायची. नवस फेडायची आमची हीच रीत. फोनवर मी तिला सांगितलं, "आत्ता नको येऊस. पप्पा बरे होतायत. मलिद्यालाच ये, उगाच दोनदा रजा कशाला?"

"आर यू शुअर, आई?"

"अगदी शुअर."

त्यानंतर हे रोज विचारायचे आणि मी रोज म्हणायचे, येतेय ती. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन काहीतरी सांगायच्या. मी मान हलवायचे आणि घरी जाताना ग्रोसरीतून फ्रोझन खोबरं आणायचे. माझा इतका विश्वास होता. आता त्या विश्वासाची लाज वाटते.

गुरुवारी सकाळी हे गेले. पोरगी दुपारच्या विमानाने पोचली.

आमच्यात माणूस गेलं की सात दिवस घरात जमिनीवर बसायचं असतं. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेली माणसं उठून गेली आणि मी ह्यांचं जुनं मराठी बायबल उघडलं. पत्र होतं बाबिलोनला कैद करून नेलेल्या लोकांना. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, म्हणून सांगितलेलं. सुटका होणार, पण सत्तर वर्षांनी. म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले बहुतेक तिथेच मरणार होते. आशा खरी होती, पण ती पुढच्यांसाठी होती. ऐकणाऱ्यांना फक्त उरलेले दिवस नीट जगायला सांगितलं होतं. आणि कार्डावरच्या ओळीच्या जरा वर आणखी एक ताकीद होती. लवकर सुटाल असं सांगणारे तुमच्यात आहेत, त्यांचं ऐकू नका. मी त्यांना पाठवलेलं नाही, असं देव म्हणतो.

आमच्या घरात ते सांगणारी मीच होते.

पोरगी सुतकासाठी आरसे झाकलेल्या खोलीत, भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "डिड ही आस्क फॉर मी?"

नाही म्हटलं असतं तर ती त्या दिवशी शांत झोपली असती. माझ्या ओठांवर आलंही होतं की पप्पांना वाटत होतं आपण बरे होणार, म्हणून नाही बोलावलं. तिचं भलं करायला मी पुन्हा तयारच होते.

"रोज," मी म्हटलं. "रोज विचारायचे. मीच तुला सांगितलं नाही."

ती उठली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. उरलेले चार दिवस आम्ही एकाच घरात दोन ठिकाणी बसलो.