शेषरावची झडती

पातूरजवळच्या त्या गावात पोळ्याच्या तोरणाखाली शेषराव उभा राहिला, की बैलसुद्धा मान हलवायचे थांबत. सजवलेल्या जोड्यांपुढे झडती, म्हणजे पोळ्याचं खोडकर कवन, म्हणायचा मान त्याचा. त्या दिवशी तोरणाखाली कोणाचीही खोडी काढावी, ज्याची काढली त्यानंही हसावं, आणि तोरण तुटलं की बोलणं तिथंच मातीत जिरावं, ही गावाची रीत. शेषरावला तोच कायदा ठाऊक होता.

त्या साली त्यानं हात उंचावला.

"रस्त्याची गिट्टी, नालीची रेती,
सरपंचाच्या माडीवर चढली राती!
आमच्या बैलानं इचारलं गा मले,
चिखलात रुतवता काहून आमाले?
हर बोला हर हर महादेव!"

गाव लोटपोट झालं. सरपंच नत्थुजीही हसले. पण कोणीतरी मोबाइलवर ते उतरवलं आणि ते अकोल्यापर्यंत फिरलं. सोयरे विचारू लागले, तसं नत्थुजींचं हसू आटलं. त्यांनी बदनामीची केस टाकली.

अकोल्याच्या कोर्टात दीपमाला वकीलबाईंनी शेषरावला बाकावर बसवून समजावलं. "काका, रस्ता खराब हाये हे म्हणायचा तुमचा पुरा हक्क हाये. तो कोणी हिसकू शकत नाही. पण गिट्टी चोरली म्हनता, तिथं कायदा पुरावा मागते. आपण रस्त्याचे कागद काढू. लढू."

"लढू ना, बाई! मी काई खोटं नाही बोललो."

तो ताठ मानेनं घरी आला. श्याम, त्याचा मुलगा, ओट्यावर बसला होता. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर तो रोजंदारीनं कामाला होता.

"नत्थुकाका काही बोलले नाही, बाबा," श्याम खाली पाहत म्हणाला. "फक्त टाकीची चावी मागून घेतली."

आत श्यामची बायको आरती पोराला निजवत होती. तिचं गुणगुणणं थांबलं.

पुढच्या तारखेला शेषरावनं माफी लिहून दिली. पुन्हा झडती म्हणणार नाही, हेही लिहिलं.

"काका, तोंड बंद करा असं कोर्टानं नाही म्हटलं," वकीलबाई कळवळल्या. "तुमीच लिहून देऊन राहिले."

"माह्या तोंडाले कोर्टाची राखण हाये, बाई. श्यामच्या चावीले कोनाची हाये?"

श्यामला चावी परत मिळाली.

पुढचा पोळा आला. तोरणाखाली जोड्या लागल्या, वाजंत्री थांबली. सगळे शेषरावकडे पाहू लागले. तो आपल्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा होता. दुसऱ्या कोणाचीही जीभ उचलेना. ज्याच्या त्याच्या घरी कोणीतरी श्याम होताच.

ती शांतता नत्थुजींनाच सोसवेना. ते जवळ आले.

"बोल ना लेका एखादी. माह्यावरच बोल. मी काई म्हनत नाही."

शेषरावचे ओठ हलले. लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या त्या माणसाकडे तो बघत राहिला.

"तुले इचारून बोलू, नत्थू?"

त्यानं कासरा ओढला. तोरण तुटलं, आणि बैल मुकाट्यानंच घराकडे वळले.