शालनचं झालं का?

आक्का स्वयंपाक करताना स्वतः कधी चव घ्यायची नाही. आमटीला उकळी आली की पळीच्या टोकावर थोडीशी घ्यायची, फुंकर मारून निववायची आणि माझ्या तळहातावर सोडायची. मी चाटून होईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मग हळूच विचारायची, "शालनचं झालं का?"

शालन म्हणजे माझी आई. ती तेव्हा या जगात नव्हती.

आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि धाकटा सुधीर अंगणवाडीत. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही. दादा, म्हणजे माझे वडील, कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात कारकून होते. कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत आमचा संसार. तेरावं झालं, पाहुणे पांगायला लागले आणि बाहेरच्या खोलीत पोरांचं काय करायचं याची चर्चा सुरू झाली. मामा म्हणाले, मुलीला आम्ही नेतो. कुणी म्हणालं, वर्षाच्या आत दुसरं लग्न उरकून टाका. दादांची थोरली बहीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून हे ऐकत होती. दादा तिला आक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही आक्काच म्हणायचो. नेवाशाकडच्या एका खेड्यात तिचं सासर. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दिराच्या घरी राबून दिवस काढत होती. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "पोरं कुटं जायची न्हाईत. मी ऱ्हाते." एवढं बोलून आत गेली आणि तिनं गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

त्या स्वयंपाकघरात आईनं त्याच उन्हाळ्यात वर्षाचं करून ठेवलेलं होतं. काळा मसाला, आमटीला लावायचं येसर, सांडगे, कुरडया, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, वांग्याच्या सुकवलेल्या फोडी. सगळं पत्र्याच्या डब्यांत, झाकणाखाली फडकं बांधून. फडक्यांच्या गाठीही तिच्याच हातच्या. आई गेल्यावर जवळपास वर्षभर आम्ही तिनं केलेलं खात होतो. माणूस नाही, आणि त्यानं रांधायला काढून ठेवलेलं रोज ताटात येतंय, याचं तेव्हा मला काही वाटत नव्हतं. आता वाटतं. आता कधी कुठे फडक्यात बांधलेला डबा दिसला तरी मला तो उघडवत नाही.

आक्काला एक सवय होती. डबा उघडण्याआधी ती त्याच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायची. आवाजावरून आत किती उरलंय ते तिला कळायचं. टकटक करताना सहज म्हणायची, "हाय का कोन?" डबा भरलेला वाजला की, "हाय, हाय." हा तिचा एकटीचा खेळ होता. पण सुधीरनं तो मनावर घेतला. एकदा दुपारी मी शाळेतून आले तर तो मसाल्याच्या डब्याला कान लावून बसलेला. टकटक करत होता आणि "आई, आई" म्हणत होता. आक्का पाठीमागे तांदूळ निवडत होती. तिनं त्याला थांबवलं नाही, समजावलंही नाही. नुसती म्हणाली, "हळू वाजव, बाळा. झोपली आसंल." तिचे हात मात्र सुपात तसेच थांबले होते.

उन्हाळ्यात कारखान्याचं धुराडं थंडावलं की ट्रॅक्टर-ट्रकची वर्दळ बंद व्हायची, वसाहत ओस पडायची आणि भाजीवालीही यायची थांबायची. एका कारकुनाच्या घरात तेव्हा काय शिजणार? पण आक्का म्हणायची, "पीठ हाय, मीठ हाय, मग रडायचं कशापायी?" ती हुलग्याचं पीठ मळायची, तळहातावर त्याच्या वळ्या करायची आणि लसणाच्या उकळत्या पाण्यात शेंगोळे सोडायची. कधी येसराची आमटी आणि तिच्यात चुरलेली भाकरी. कधी वाळक्या वांग्यांच्या फोडी भिजवून दाण्याच्या कुटातली भाजी. शिळी भाकरी उरली तर कांद्याच्या फोडणीत कुस्करून सकाळची न्याहारी. पोट भरायचं. पण पोट भरणं हे तिचं अर्धंच काम होतं. प्रत्येक पदार्थाला ती मला विचारायची, तुझी आई ह्यात काय घालायची? आधी काय टाकायची, मीठ की मसाला? झाकण ठेवायची का उघडंच शिजवायची? मी आठवून आठवून सांगायचे. शेंगोळे आक्का लांब वळायची. मी म्हटलं, आई त्यांची टोकं जोडायची, कडं करायची. दुसऱ्या खेपेपासून आमच्या घरातले शेंगोळे गोल झाले.

सुधीरला फारसं आठवत नव्हतं, पण विचारलं की काहीतरी सांगावं लागतं एवढं कळत होतं. एकदा त्यानं ठोकून दिलं, "आई मला रोज शिरा द्यायची." मी म्हणणार होते की खोटं आहे, तर आक्कानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. गव्हाची भरड भाजली, गूळ घातला, तूप नव्हतं तर चमचाभर तेलावर भागवलं आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली. "शालन देत आसंल," ती मला नंतर म्हणाली. "तू शाळंत गेल्यावर. तुला काय ठावं?" आज सुधीर पुण्यात नोकरी करतो. आईची आठवण काढली की तो त्या गुळाच्या शिऱ्याविषयी बोलतो, आणि त्याच्या आवाजात जराही खोट नसते.

एका रविवारी दुपारी आक्कानं पिठलं केलं. पिठल्यातला लसूण तिच्या सासरी सोनेरी ठेवायचे. मी तिला सांगितलं होतं की आई तो अगदी काळसर होईपर्यंत जाळायची. आक्काला ते पटलं नव्हतं, पण त्या दिवशी तिनं जाळला. घरभर तो वास सुटला. दादा आंघोळ करून आले आणि ताटावर बसले. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांचा हात थांबला. तो घास त्यांनी कसाबसा गिळला, पाणीही न पिता उठले आणि मागच्या दारानं जाऊन हौदाच्या कट्ट्यावर बसले. आक्का त्यांच्यामागे गेली. मी खिडकीशी उभी होते.

"आक्का, असलं करू नको," दादा म्हणाले. "ताटावर बसलं की वाटतं, ती आत भाकरी थापतीय. मान वर करून बघायचं धाडस व्हत न्हाई."

"पोरांना तसंच लागतंय रे."

"पोरं लहान हायेत. विसरत्याल."

"विसरत्याल म्हनून तर करते," आक्का म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पिठली व्हायला लागली. एका छोट्या कढईत आमचं, करपल्या लसणाचं. दुसऱ्या पातेल्यात दादांचं, आक्काच्या सासरच्या रीतीचं. आमटीचंही तेच. डाळीचं पीठ मूठभर, आणि त्यासाठी दोन भांडी, दोन फोडण्या. शेजारच्या बाया हसायच्या. दादा भिंतीकडे तोंड करून जेवायचे, लवकर उठायचे. हे किती वर्षं चाललं सांगता येणार नाही, पण मी दहावीला होते तेव्हा एकदा जेवताना त्यांनी स्वतःची वाटी बाजूला सारली, हात लांब केला आणि आमच्या कढईतलं पिठलं ताटात वाढून घेतलं. आक्का भाकरी थापत होती. तिनं बघितलं, पण बघितल्याचं दाखवलं नाही. दादांनी सगळं संपवलं. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते जेवत होते. दुसऱ्या दिवसापासून पातेलं चढायचं बंद झालं.

आईचा काळा मसाला त्याच्या कितीतरी आधीच संपत आला होता. आक्का तो पुरवून पुरवून वापरायची. डबा वाजवला की आता पोकळ आवाज यायचा. मसाल्याचा रंग उतरला, वास उडाला, तरी ती चिमूटभर टाकायचीच. नवा मसाला करायची वेळ आली तेव्हा तिनं धणे, खोबरं, मिरच्या सगळं भाजलं, कुटलं आणि शेवटी तो जुना उरलेला मसाला त्यात ओतला. "दुधाला इरजान लावत्यात तसं," ती म्हणाली. दरवर्षी ती हेच करत आली. नव्यात जुन्याची एक मूठ. खरं तर दोन-तीन वर्षांनी त्यात आईचं काही उरलं असेल असं हिशेबानं म्हणता येत नाही. पण ताटावर बसल्यावर हिशेब सुचत नाही.

ती स्वतः चव का घेत नाही, हे मला माझ्या लग्नाच्या आधी कळलं. घरात पाहुण्यांची गर्दी होती आणि आम्ही दोघी मागे बसून सांडगे तळत होतो. मी सहज विचारलं. बराच वेळ ती झारा हलवत राहिली.

"शालन नवी हुती तवा मी म्हायेरपनाला आल्ते," ती म्हणाली. "तिनं आमटी केल्ती. मी समद्यांदेखत म्हनलं, ही आमटी हाय का पानी? लई हसली समदी. मग मी जाईस्तवर तिनं मला इचारून इचारून आमटी केली. आक्का, आता बघा. आक्का, आता झाली का? मी एकदाबी बरी झाली म्हनले न्हाई." तिनं सांडगे उपसले. "पोरी, ज्या जिबेनं तिला नावं ठिवली, त्या जिबेचा मी भरवसा कसा धरू?"

मी तिच्या हातावर हात ठेवला. ती म्हणाली, "तेल तापलंय, सरक."

मला आईचा चेहरा आता नीट आठवत नाही. फोटोतली बाई परकी वाटते. आईला आठवायला डोळे मिटले की दिसते ती ओट्याशी उभी असलेली पाठ, मानेवरचा अंबाडा आणि भाकरी परतणारा हात. ती पाठ आक्काची आहे हे मला ठाऊक आहे. कितीदा आईला स्वप्नात बघते आणि ती वळते तेव्हा तिला चेहरा नसतो. जाग आल्यावर घरात करपलेल्या लसणाचा वास आहे असं वाटतं. मी उठून गॅस बघून येते. नवऱ्याला याची सवय झाली आहे.

निवृत्तीनंतर दादांनी श्रीरामपूरजवळ बेलापूरला दोन खोल्या घेतल्या. ते गेल्यावर आक्का तिथे एकटीच राहिली. मी श्रीरामपूरच्या शाळेत शिकवते, त्यामुळे जाणं-येणं होतं. गेल्या हिवाळ्यात तिनं अन्न सोडलं. दुखणं असं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी शेंगोळे केले, पिठलं केलं. ती तोंड फिरवायची. शेवटी एका सकाळी तिच्या उशाशी बसून मी म्हटलं, "आक्का, आईचं राहू दे. तुला काय खावंसं वाटतं ते सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. प्रश्न कळला नाही की काय, असं मला वाटलं. मग म्हणाली, "कन्या कर."

ज्वारीच्या कण्या मी कधी केल्या नव्हत्या. तिनं पडल्या पडल्या सांगितलं. ज्वारी जाडसर भरड, धुऊन भिजू दे, पाण्यात मीठ टाक, शेंगदाणे त्यातच शिजू दे, वरून जिऱ्याची फोडणी. मी मिरची घ्यायला हात पुढे केला तशी ती म्हणाली, "मिर्ची नगं. आमच्यात मिर्ची घालत न्हाईत. त्यांना तिखट चालत न्हाई."

'आमच्यात' हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आणि 'त्यांना' हाही. एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्याविषयी एक अक्षर काढलं नव्हतं.

"कसे होते ते?" मी विचारलं.

"उंच," ती म्हणाली. "लई बोलायचे न्हाईत. कन्या केल्या की दोनदा वाढून घ्यायचे." मग जरा वेळानं, "दार लोटू नगंस. शेतावून यायची येळ झाली."

मी दार उघडं ठेवलं. बाहेर स्वच्छ ऊन होतं, समोरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. तिनं चार घास खाल्ले, सावकाश, दाराकडे बघत. वाटीत उरलं ते झाकून ठेवायला सांगितलं. त्यानंतर तिनं काही मागितलं नाही. आठवड्याच्या आत ती गेली.

सामान आवरताना त्यांचा फोटो मिळेल म्हणून मी सगळं शोधलं. कुठेच नव्हता. तिच्या सासरच्या घरी फोन केला, दिराच्या नातवानं उचलला. त्याला असे कुणी चुलत आजोबा होते हेच माहीत नव्हतं. रेशनकार्डावर तिच्या नावापुढे त्यांचं नाव आहे, तेवढंच.

आता मी अधूनमधून कण्या करते. माझी मुलगी विचारते, ह्यात मिरची का नाही? मी सांगते, त्यांना तिखट चालत नाही. ती पुढे विचारत नाही, आणि मी 'चालत नव्हतं' असं अजून एकदाही म्हटलेलं नाही.