आमच्या चकलीतले दोष

आमचे हे आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढत आले. मी रागानं म्हणत नाही, तोच त्यांचा पगाराचा धंदा होता. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायचा, चांगला असेल तर पास, नसेल तर परत. आधी पुण्यात आणि मग बदली झाली म्हणून चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला. घरीसुद्धा तेच. पोळी उजेडात धरून बघणारा नवरा कोणाच्या वाट्याला येऊ नये. "एका कडेला जाड आहे," असं शांतपणे सांगायचं आणि तीच पोळी आवडीनं खायची. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी रडले, नंतर लाटणं दाखवायला शिकले.

मग कारखान्यानं माणसं कमी करायची ठरवली आणि वयानं मोठी असलेली आधी काढली. शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. कंपनीची बस सकाळी आमच्या पेरुंगुडीच्या कोपऱ्यावर थांबते. त्या वेळेला हे पेपर घेऊन मागच्या बाल्कनीत जाऊन बसू लागले, बसमधल्या कोणी बघू नये म्हणून. कारखान्यातल्या लोकांचे फोन वाजून वाजून बंद पडायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या पोळीत चूक काढेनात. जे वाढलं ते मुकाट खायचे. भांडायला नवरा शिल्लक नाही म्हणजे काय, हे ज्या बाईवर गुदरलंय तिलाच कळेल.

आमची लेक इथल्याच एका कंपनीत नोकरी करते. इंटरनेटवर लोकांचा माल कसा खपवायचा, हे तिचं काम. तिनं घरातली ही कळा बघितली आणि एका रविवारी जाहीर केलं, "आई, तुझी भाजणीची चकली आपण ऑनलाइन विकायची. तू करायची, बाबांनी पॅकिंग बघायचं, मी मार्केटिंग."

"इथे?" मी म्हटलं. "मुरुक्कूच्या, तांदळाच्या चकलीच्या गावात आपली चकली? वेड लागलंय का तुला?"

"म्हणूनच तर! वेगळी आहे ना आपली."

मग शिकवणी सुरू झाली. व्हिडिओच्या पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. प्रत्येक पोस्टच्या शेवटी 'आताच मागवा' असं स्पष्ट सांगितलं पाहिजे. कोणी काही विचारलं की पाच मिनिटांत उत्तर गेलं पाहिजे. गिऱ्हाइकाचं कौतुक मिळवून ते सगळ्यांना दाखवलं पाहिजे. मी कढईसमोर घामाघूम उभी आणि ही माझ्या नाकासमोर फोन धरून म्हणते, "आई, हस ना जरा!" तेल तापलेलं असताना हसणारी बाई मी तरी अजून बघितलेली नाही.

पहिला दीड महिना काहीही झालं नाही. खाली प्रतिक्रिया यायच्या त्या एकाच प्रकारच्या, हे तर मुरुक्कूच आहे. खालच्या मजल्यावर तंजावरकडचं मराठी कुटुंब राहतं. कित्येक पिढ्या इकडेच, मराठी बोलतात ती तमिळच्या चालीवर, ऐकायला फार गोड. त्या घरातल्या मामींनी तेवढा एक पुडा घेतला, तोही शेजारधर्म म्हणून. लेक म्हणाली, लोकांना घाई वाटली पाहिजे. आणि तिनं लाल अक्षरांत टाकलं, 'त्वरा करा! फक्त तीनच पुडे शिल्लक!'

हे खुर्चीत बसून फोन बघत होते. उठले. स्वयंपाकघरात गेले, फळीवरचा डबा काढला, आतले पुडे मोजले, परत जागेवर येऊन बसले. मला वाटलं, भूक लागली असेल. पाच मिनिटांनी लेक आतल्या खोलीतून किंचाळत बाहेर आली.

"बाबा! हे काय लिहिलंय तुम्ही?"

आमच्याच जाहिरातीखाली, सगळ्या जगासमोर, यांनी लिहिलं होतं: 'साठा तपासला. बावीस पुडे आहेत. घाईची गरज नाही. तळून दोन दिवस झाले आहेत, अजून तीन आठवडे कुरकुरीत राहतील. काही चकल्यांचे वेढे असमान आहेत.'

मी कपाळाला हात लावला. लेक रडायच्या बेताला आली. "अहो बाबा, ही मार्केटिंगची पद्धत असते! सगळेच असं लिहितात!"

"सगळे चुकीचं लिहितात," हे म्हणाले. एवढं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून मी कित्येक महिन्यांनी ऐकलं.

पोस्ट काढून टाकायची की नाही यावर दोघांची जुंपली आणि ती जुंपलेली असतानाच फोन टिंग टिंग वाजायला लागला. लोक हसत होते. एकमेकांना दाखवत होते. हा खरं बोलणारा माणूस कोण, असं विचारत होते. आणि हसता हसता मागवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डबा रिकामा. लेकीनं यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मी इतकी वर्षं ऑफिसात काय करतेय?"

तिथून गाडी रुळावर आली. मी चकल्या करायच्या, यांनी प्रत्येक घाणा तपासायचा आणि दर शुक्रवारी अहवाल लिहायचा. ते साध्या इंग्रजीत लिहीत, लेक खाली तमिळ आणि मराठी जोडून देई. 'लॉट पाच. वजन बरोबर. रंग मुरुक्कूपेक्षा गडद. कारण, डाळ-तांदूळ भाजून घेतले आहेत. हा दोष नाही. वेढे असमान. कारण, सोऱ्या फिरवणाऱ्या व्यक्तीचा उजवा खांदा दुखत होता. दोष आढळला, स्वीकारार्ह. चव पास.' माझा खांदा गावभर झाला. अंगाचा नुसता तिळपापड! पण नुंगंबाक्कमच्या एका बाईंनी ऑर्डरबरोबर खांद्याला कुठलं तेल चोळावं तेही कळवलं, मग काय बोलणार?

लेकीनंही आपली विद्या यांच्या तालावर बसवली. नवी माणसं गोळा करण्यासाठी धडपडण्यापेक्षा जी एकदा आली तीच परत कशी येतील ते बघायचं. त्यांचे नंबर विचारून घेतले, शुक्रवारचा अहवाल आधी त्यांना जायचा. अहवाल वाचायची लोकांना इतकी सवय लागली, की एकदा हे तापानं आडवे झाले तर चौकशा सुरू झाल्या. गोड बोलून जे गिऱ्हाईक येत नव्हतं ते चुका वाचायला आलं आणि टिकलं. त्यात माझी चकली खरोखर चांगली होती, हे इथे मीच सांगते. दुसरं कोणी लिहिणार नाही!

पण मनातली धास्ती गेली नव्हती. हे बोलायचे ते फोनमधल्या अनोळखी माणसांशी. बसच्या वेळेला मागची बाल्कनी तशीच. कुरिअरचा माणूस आला तरी मलाच पुढे करायचे. माणूस फोनपुरता बरा झाला होता, दाराबाहेर नव्हता. आणि उरलेलं सगळं आयुष्य हा असाच लपून काढणार की काय, या विचारानं मला घास गोड लागत नव्हता.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आधी एक निरोप आला. एका कारखान्यातल्या विभागात पूजेनंतर सगळ्यांना खाऊ वाटायचा होता, मोठी ऑर्डर होती. खाली लिहिलं होतं, 'अहवाल लिहिणारे आमचे सर तर नाहीत ना? दोष आढळला, कारण, स्वीकारार्ह, असं ओळीनं लिहिणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.' निरोप पाठवणारी, यांनी तपासणीचं काम शिकवून तयार केलेली एक मुलगी होती, डिप्लोमा करून आलेली, कांचीपुरमकडची. आता मालाच्या तपासणीची जबाबदारी तिच्याकडे होती. आणि माल पोचवायचा होता इरुंगाट्टुकोट्टैला, त्याच कारखान्यात.

हे पांढरेफटक पडले. "नाही म्हणून कळव."

"का?"

"त्या गेटातून मी चकल्यांचे खोके घेऊन जाऊ? ज्या लोकांचा माल मी परत पाठवायचो, त्यांच्या रांगेत उभा राहू?"

मला चढला राग. "का, चकल्या काय चोरीच्या आहेत? माझ्या हातचं विकायची लाज वाटते तुम्हाला?" बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांना चकलीची लाज वाटत नव्हती, हे मला ठाऊक होतं. काढून टाकलेला माणूस म्हणून त्यांना कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं. पण माघार घेईन तर मी कसली! "ठीक आहे," म्हटलं, "मी जाते. पण माल पास केलाय तुम्ही. काही निघालं तर उत्तर कोण देणार? मी?"

माल तयार झाला त्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले.

टॅक्सीत खोके भरून आम्ही दोघं निघालो. गेटवरच्या पहारेकऱ्यानं यांना बघितलं आणि ताडकन उभा राहिला. "सार! वांग सार!" म्हणजे या सर, या. यांनी मान खाली घातली आणि वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, सप्लायर. आत सगळीकडे धुऊनपुसून स्वच्छ केलेलं, यंत्रांना चंदन-कुंकू लावायची तयारी, दाराला केळीचे खांब. माल उतरवायच्या जागी एका लांब टेबलासमोर आम्ही उभे राहिलो. यांचंच जुनं टेबल ते, फक्त आता हे त्याच्या अलीकडच्या बाजूला होते.

ती मुलगी आली. निळा कोट, पायात जड बूट. यांना बघून तिचा चेहरा फुलला, वाकून नमस्कार केला, माझीही चौकशी केली. हे आपले काठीसारखे ताठ. मग तिनं काम सुरू केलं. वरचा खोका तिनं बाजूला ठेवला आणि खालचा ओढला. त्यातले वरचे पुडे न घेता तळाशी हात घातला. एकेक पुडा दोन्ही हातांत धरून दाबला. चौथ्या पुड्यातून फुस्स करून हवा निघाली.

पिशवीचं तोंड नीट बंद झालेलं नव्हतं. मला लगेच कळलं कुठला पुडा तो. माझ्या बहिणीचा फोन आला होता, फोन मानेत धरून, तेलकट बोटांनी मी चार-पाच पिशव्या मशीनमध्ये दाबल्या होत्या. मेले आता, म्हटलं.

ती मुलगी लाल झाली. तिनं पुडा हातात तसाच धरला. आजूबाजूला चार माणसं उभी होती, सगळी यांना ओळखणारी. एकच पुडा तर होता. तो परत खोक्यात टाकून ती हसली असती तर कोणी काही म्हणालं नसतं. तिनं यांच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, ही आता सोडून देणार. मी मनातल्या मनात तिला दुवाही देऊन टाकला.

"एक सापडला तर काय करायचं?" यांनी विचारलं. अगदी हळू आवाजात, तमिळमध्ये.

"अख्खा खोका उघडायचा, सार."

"मग?"

तिनं खोका उघडला. सगळे पुडे टेबलावर मांडले, एकेक दाबला. आणखी तीन निघाले. ते चार बाजूला ठेवून तिनं परतीची चिठ्ठी लिहिली, कारण लिहिलं, तारीख घातली आणि कागद यांच्यापुढे सरकवला. "सप्लायरची सही, सार," म्हणाली. यांनी खिशातून पेन काढलं आणि ऐटीत सही केली.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. इतक्या मुश्किलीनं बाहेर काढलेल्या माणसाचा माल त्याच्याच जुन्या टेबलावरून परत आला, तोही माझ्यामुळे! टॅक्सीत बसल्यावर मी त्यांच्याकडे बघायलाच तयार नव्हते. आणि शेजारून हसण्याचा आवाज आला. हे हसत होते. डोळे पाण्यानं भरलेले आणि हसत होते.

"माझ्या चकल्या परत आल्यात आणि तुम्ही हसताय?"

"अगं, बघितलंस का तू? तळातून काढला! वरचा नाही घेतला. मी समोर उभा असताना! मला घाबरली नाही, माझी भीड ठेवली नाही." त्यांनी रुमालानं डोळे पुसले. "मला वाटत होतं, मला काढलं म्हणजे सगळं संपलं. माझं काम तिथे चालूच आहे गं."

मग मला जे रडू आलं ते पुलाखालच्या सिग्नलपर्यंत थांबेना. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. हे मात्र बोलत सुटले. ती मुलगी पहिल्या दिवशी किती घाबरली होती, तिला मोजायला कसं शिकवलं, कुठल्या बड्या पुरवठादाराशी ती एकदा कशी भांडली. वर्षभराचं साठलेलं सगळं त्या एका रस्त्यावर बाहेर पडलं. मधेच फोन आला, कारखान्यातल्या जुन्या सोबत्याचा, आणि यांनी तो उचलला.

घरी येऊन चप्पल काढायच्या आधी ते अहवाल लिहायला बसले. परतीच्या चिठ्ठीचा फोटो काढला. लेक म्हणाली, "बाबा, हे कोणीही टाकत नाही हो. आपला माल परत आला असं स्वतःहून?"

"टाकू दे," मी म्हटलं. "पण अहो, दोष चकलीत नव्हता, पिशवीत होता, हे आधी लिहा. आणि पिशव्या कोणी बंद केल्या ते लिहायची काहीएक गरज नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि तेही लिहिलं. फोनवर बोलत होती, हेसुद्धा.