लाल खुर्ची, निळी खुर्ची

यंदा आमच्या उदगीरच्या हौदात पाणी साठलं नाही, पण पप्पांचे किस्से काठोकाठ साठले. मी कुणाशी फार बोलत नाही, म्हणून लिहून ठेवते.

पप्पा कितीतरी वर्षं लोकांना म्युच्युअल फंड समजावतात. ‘उदगीर जिल्हा होणार’ अशी हवा उठली आणि त्यांनी प्लॉट विकायचं लायसनही काढलं! ऑफिस आमच्या पुढच्या खोलीत. तीच खोली मला दहावीच्या अभ्यासाला मिळणार होती.

आईनं निकाल दिला, “शाळा उघडेपर्यंत एक तरी प्लॉट विका. न्हाई तर दारावरचा बोर्ड खाली, खोली पोरीची!”

*

पप्पांनी दोन खुर्च्या मांडल्या. लाल प्लॉटची, निळी गुंतवणुकीची. एका खुर्चीवरून दुसऱ्या धंद्याचं बोलायचं नाही, हा नियम.

पहिलं गिऱ्हाईक लोहा गावचं. पप्पांनी लाल खुर्चीवरून प्लॉटचं लई कौतुक केलं.

“पाच वर्षांत डबल होईल का?” त्यानं विचारलं.

“तो प्रश्न निळ्या खुर्चीचा,” म्हणत पप्पा उठले, तिकडे बसले आणि म्हणाले, “काही खरं नाही. जिल्ह्याचा अजून पत्ता नाही!”

माणूस एसआयपीचा फॉर्म भरून गेला.

*

दुसऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही जागेवर नेलं. पप्पांनी हात लांब करून दाखवलं, “समोर कलेक्टर ऑफिस येणार!”

शेळ्या राखणारी म्हातारी थांबली. “मागल्या उन्हाळ्यात ते तिकडं होतं की रे, वड्याच्या पल्याड!”

तरी पप्पांनी हिमतीनं बोअर चालू केला. पाईप खोकला, फुस्स झाला, नुसती धूळ उडाली.

“हवा मात्र एक नंबर आहे!” पप्पा म्हणाले.

*

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शिरूर अनंतपाळचे अप्पा आले, रिटायर मास्तर. मी पाणी दिलं, अर्धाच पेला. पडद्याआडून खोलीचं माप डोळ्यांनी घेऊन झालं होतं. टेबल खिडकीपाशी!

लाल खुर्चीवरून पप्पा म्हणाले, “अप्पा, घ्या.”

“आता तिकडं बसून सांगा,” अप्पा म्हणाले. खुर्च्यांचा किस्सा त्यांच्या गावापर्यंत पोचला होता.

पप्पांनी दारातल्या आईकडे पाहिलं. घाम पुसला. निळ्या खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, “अप्पा, नका घेऊ.”

मी पडद्याआड उडीच मारली!

“कागद करा,” अप्पा म्हणाले.

“अहो, मी नको म्हणालो की! वाढ न्हाई, पाणी न्हाई...”

“वाढ कुणाला पाहिजे? माझी लेक त्या प्लॉटच्याच गल्लीत राहते. नातवाला शाळेत सोडायला मी हाय.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

अप्पांनी दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं. “तुम्ही कोणत्याच खुर्चीवरून विचारलं न्हाई!”