तळाची काळी रेती

मी एकदा सोनं ओढ्यात फेकून दिलंय, तेही मोठ्या ऐटीत. परवा सूनबाई तांदूळ रोळत होती. परातीत पाणी खळखळलं आणि मला एकटीलाच हसू फुटलं.

त्र्याहत्तर साल असेल. करमाळ्याहून सोलापुरात नवी आलेली मी. हे दिवसभर गिरणीत, मला बोलायला चार भिंती. म्हणून ओढ्यावर जाऊन बसायची. तिथं शेवंतामावशी सोनारगल्लीच्या गटारीतला गाळ लाकडी ताटात धुऊन सोन्याचे कण काढायची. अख्ख्या गावात माझ्याशी बोलणारी तेवढी एकच.

एक दिवस मी शहाणीनं म्हटलं, "द्या मावशी, मला येतंय की!" आणि तांदूळ रोळावेत तशी वरची वाळू अलगद दुसऱ्या ताटात उतरवली, तळाची काळी रेती खडे समजून पाण्यात भिरकावली. तिची सकाळभरची मेहनत वाहून गेली. आता ही हाकलणार, मग उद्यापासून जायचं कुठं, या धास्तीनं मी ओल्या पदराशी चाळा करत उभी.

मावशीनं रिकामं ताट ओढ्यात विसळलं. मग म्हणाली, "येडे, तांदळात तळाला ऱ्हातो त्यो खडा. हितं तळाला ऱ्हातं तेच सोनं. उद्या लवकर ये, पयल्यापास्नं शिकिवते."